पाय धुण्याचा पाडवा

आमच्या ह्यांना एक खोड होती. दिसेल त्या जागी येशूला उभं करून बघायची. मंठ्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघत असलो की मध्येच विचारायचे, "आज येशू इथं असता तर कुठं बसला असता गं?" मी म्हणायची, "आधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली असती, मग बसला असता." हे हसायचे, पण प्रश्न सोडायचे नाहीत. रॉकेलच्या रांगेत कॅन घेऊन, टँकरपाशी हंडा घेऊन, काळ्यापिवळ्या जीपच्या टपावर शेळीचं दावं धरून, असा कुठेकुठे त्यांना तो दिसायचा. जालन्याला लोखंडाच्या भट्ट्यांवरून रिक्षा गेली की म्हणायचे, इथं तो नक्की कामाला लागला असता.

एकदा वैतागून मी म्हटलं, "तुमचा येशू ह्या जिल्ह्यात कुठल्याही गावात उतरू दे, पहिला प्रश्न एकच येणार. पाहुणे कोणाकडचे? त्याचं उत्तर आधी तयार ठेवायला सांगा त्याला." आमच्याकडे जात अशीच विचारतात, गोड बोलून, पाण्याचा तांब्या हातात देण्याआधी.

हे पाळक होते आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हा आम्ही मंठा तालुक्यातल्या एका गावी राहायला गेलो. मुलगा तेव्हा रांगत होता. गावाच्या खालच्या अंगाला वस्ती होती. तिथली बहुतेक घरं बौद्धांची, आणि पाच-सहा आमची, म्हणजे ख्रिस्ती. पत्र्याच्या एका खोलीत रविवारची उपासना व्हायची आणि तिच्या मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार होता.

ह्यांचे आजोबा त्याच भागातल्या एका गावात गावकी करायचे. निरोप पोचवायचे, मेलेलं ढोर ओढायचं, पाटलाच्या दारात अनवाणी उभं राहायचं. ते सगळं टाकून ते जालन्याला मिशनच्या आवारात आले आणि येशूचे झाले. येशू काय म्हणाला हे त्यांना पुढे सावकाश कळलं. पाटलाच्या दारात जावं लागत नाही, हे पहिल्या दिवशीच कळलं. हे मात्र आवारातच जन्मले, पायांत चपला घालूनच वाढले. गाव त्यांनी पुस्तकात वाचावं तसं बघितलं होतं, आणि सगळी फसगत तिथंच झाली.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी आमच्यात एक वाचन असतं. आपल्याला उद्या धरणार आहेत हे ठाऊक असताना येशूनं कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. जो त्याला धरून देणार होता, त्याचेही धुतले. मग सांगितलं की तुम्हीही एकमेकांचे असेच धुवा. दरवर्षी हे पत्र्याच्या खोलीत चार जणांचे पाय धुवायचे आणि सगळे घरी जायचे. पण त्या वर्षी वाचून झाल्यावर हे म्हणाले, "हे आपण आपल्याच माणसांत किती दिवस करायचं? आज येशू असता तर पारावर बसला असता."

माझ्या मनात पाल चुकचुकली. मी म्हटलं, "वस्तीत करा ना. पार कशाला?"

"प्रेम काय वस्तीपुरतं असतं?" एवढं बोलून त्यांनी माझी पितळी परात आणि तांब्या उचलला, माझ्या लग्नातला लाल काठाचा टॉवेल खांद्यावर टाकला आणि निघाले. मी मागोमाग बादली घेऊन गेले. एकट्यानं गेले असते तर पाणी आणायलाही कुणी नव्हतं.

ऊन तापलेलं, रानातली कामं उरकलेली, त्यामुळे पारावर माणसं होतीच. हे खाली बसले आणि म्हणाले, ज्यांना वाटतं त्यांनी यावं, मी पाय धुतो. कुणी हसलं, कुणी तंबाखू मळत बघत राहिलं. आमच्यातले एक म्हातारबाबा वस्तीतून कौतुकानं बघायला आले होते. ह्यांनी आधी त्यांनाच बोलावलं. बाबांनी दोन्ही पाय धोतराखाली ओढून घेतले. "न्हाई साब, बिलकुल न्हाई. माझ्या पायाला हात लावू नका. मला झोप येणार न्हाई." ते खरंच उठून निघून गेले. वस्तीतलं दुसरं कुणी पुढे आलं नाही.

तेवढ्यात पाटील आले. गावची निम्मीअधिक जमीन त्यांची, विहिरी त्यांच्या, आणि गावात काय व्हायचं ते ठरायचंही त्यांच्याच ओसरीवर. त्यांनी विचारलं, "काय चालू हाय?"

"पाद्रीसाब पाय धुवून राह्यले," कुणीतरी सांगितलं.

"कोणाचे?"

"कोणाचे बी."

कुणीतरी खुर्ची आणली. पाटील बसले, जोडे काढले आणि पाय पुढे केले. एका क्षणाचाही विचार नाही. मला वाटलं होतं माणूस थोडा तरी अवघडेल, नाही-नाही म्हणेल. ते ह्यांच्या डोक्यावरून शेजारच्याशी कापसाच्या गाडीबद्दल बोलत राहिले. एक पाय पुसून झाला की दुसरा उचलायचा, एवढंच त्यांनी बोलणं न थांबवता केलं. उठताना म्हणाले, "बराबर धुतले," आणि गेले.

घरी येईस्तोवर ह्यांचा चेहरा असा उजळला होता की मला त्यांच्याकडे बघवेना. "पाटील आले, सगळ्यांदेखत बसले! सांग, ह्याआधी त्यांनी आपल्या हातचं पाणी घेतलं होतं का?"

"प्यायले का?" मी म्हटलं. "पायावरच घेतलं ना?"

संध्याकाळी गुरुजी आले. गुरुजी म्हणजे आमच्या शाळेचे मुख्याध्यापक, वस्तीतलेच, बौद्ध. फार मोजकं बोलणारा माणूस. चहा घेता घेता ते ह्यांना म्हणाले, "साहेब, माझा बाप ज्या दारात वाकायचा तिथं वाकायचं न्हाई, म्हणून आम्ही देव सोडले, धर्म सोडला. तुमच्या आजोबानं बी तेच केलं. अन् आज तुम्ही आपल्या हातानं परात घेऊन गेल्ते."

"ते लाचारीनं वाकायचे गुरुजी. मी प्रेमानं वाकलो."

"ते तुम्हाला म्हाईत. पाटलाला कसं कळावं? खुर्चीवरून दोन्ही सारखंच दिसतं."

ह्यांनी काही तरी उत्तर दिलं, लांबलचक होतं. गुरुजींनी ते ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि गेले.

पुढच्या वर्षी पाडव्याच्या सकाळी पाटलांचा गडी दारात उभा. "मालकानं बोलावलंय. परात घेऊन या म्हणले."

ह्यांनी समजावलं की तो दिवस अजून यायचा आहे, उत्तम शुक्रवार पुढं आहे. गडी म्हणाला, "ते तुमचं दरसाली सरकतं म्हणे. ध्यानात राहत न्हाई. मालक म्हणले, पाडव्यालाच धरा. सगळ्यांचंच पाडव्याला असतं."

सगळ्यांचंच म्हणजे काय, ते मला तिथं गेल्यावर दिसलं. आमच्याकडे सालगड्यांचं वर्ष पाडव्याला सुरू होतं. पाटलांच्या अंगणात जुने-नवे सालगडी उभे होते. हलगीवाला आला होता, तोरणाचे डहाळे घेऊन येणारा आला होता. एकेकानं पुढे व्हायचं, आपलं काम करायचं आणि बाजूला व्हायचं. त्या रांगेत आता ह्यांनाही जागा मिळाली होती, हलगीनंतर आणि गूळ-लिंबाच्या आधी. अंगणाच्या तोंडाशी गड्यानं ह्यांच्या पायांकडे नुसतं बघितलं. ह्यांनी चपला काढल्या. मी ते बघितलं आणि मला त्यांचे आजोबा आठवले, ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं.

परतताना मी वाटेतच भांडले. "पुढच्या वर्षी येणार नाही म्हणून सांगा."

"बोलावल्यावर जायचं नाही, हे कुठलं प्रेम?" हे म्हणाले. "आज ना उद्या त्यांना कळेल."

त्यांना कळलं, पण भलतंच. त्या वर्षी पाऊस वेळेवर झाला. पाटलांचा बांधाचा जुना दावा निकाली निघाला. तीन नातींच्या पाठीवर नातू झाला. गावात बोललं जाऊ लागलं, पाद्रीसाबानं पाय धुतले तेव्हापासून मालकाला बरकत आली. बायका हातपंपावर मला कौतुकानं सांगायच्या आणि मला ते कौतुक नको नको व्हायचं. शुभ ठरलेली गोष्ट सोडता येत नाही, हे मी शाळेत शिकवत नव्हते, पण मला ते पाठ होतं. वर्षं गेली. आमच्या वाचनातला येशू त्या अंगणात कधी कुणाला आठवला नाही.

मग एका वर्षी पाडव्याला ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं आणि आम्ही जालन्याला होतो. आठच दिवसांत गारपीट झाली. पाटलांचा मोसंबीचा बाग झोपला आणि झाडाखाली बांधलेला बैल वीज पडून गेला. गारा सगळ्यांच्याच रानात पडल्या होत्या. कारण मात्र सगळ्यांना एकच सापडलं.

कुणी भांडायला आलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. मी पंपावर गेले की बोलणं थांबायचं. गिरणीत ज्वारी घेऊन गेले तर गिरणीवाला म्हणाला, "पट्टा तुटलाय बाई." माझ्यासमोर पट्टा फिरत होता, पिठाचा धुरळा माझ्या अंगावर उडत होता, आणि तो माझ्याकडे न बघता म्हणत होता की पट्टा तुटलाय. वर्गात एका मुलीनं अगदी सरळपणे विचारलं, "बाई, पाद्रीसाबानं मुद्दाम केलं का?" मी खडू हातात घेऊन फळ्याकडे तोंड केलं.

पाटील स्वतः मात्र रागावले नव्हते. हे बरे होऊन आल्यावर त्यांनी बोलावून घेतलं, बसायला पोतं दिलं. मीही होते. ते म्हणाले, "होतं एखांद्या वेळंस. बिमारी काय सांगून येते? पण पुढं तुमचं वय होईल. पोराला शिकवून ठेवा. तुमच्या घरातलं कोणी तरी पाहिजे, मंग खंड पडत न्हाई."

इतक्या मायेनं बोलले की माझ्या अंगावर काटा आला. त्या दिवसापासून मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. माझ्या मुलानं त्या परातीला हात लावायचा नाही. बाकी काय व्हायचं ते होऊ दे. दहावी होताच मी त्याला जालन्याला वसतिगृहात ठेवलं. हे म्हणाले, एवढी घाई कशाला. मी म्हटलं, शिक्षणासाठी.

पाटलांना साखरेचा आजार होता. एका पाडव्याला हे परतले तर टॉवेलला वास येत होता. मी तो उकळत्या पाण्यात टाकला तरी जाईना. "अंगठा काळा पडलाय," हे म्हणाले. "मी सांगितलं, जालन्याला चला." पण पाटलांच्या घरात दुसरंच ठरलं होतं. पाद्रीच्या हातानं सगळं बरं झालं, हेही होईल. म्हणून आता वर्षातून एकदा नाही, रोज यायचं.

हे रोज जाऊ लागले. पाणी उकळून न्यायचे, मीठ घालून जखम धुवायचे, स्वच्छ फडकं बांधायचे, आणि रोज सांगायचे की दवाखान्यात चला. घरचे म्हणायचे, "आज जरा बरं वाटू राह्यलं. तुम्ही येत जा." एका संध्याकाळी हे परात खाली ठेवून ओट्यावर बसले. मग म्हणाले, "मी धुतोय ना, म्हणून ते दवाखान्यात जात नाहीयेत. मीच मारतोय त्यांना." थोड्या वेळानं त्यांचा तो प्रश्न आला, पण या वेळी आवाज वेगळा होता. "आज येशू असता तर काय केलं असतं गं?"

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा थट्टा केली नाही. "परात पालथी घातली असती," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तेच केलं. मी बरोबर होते. भर अंगणात त्यांनी परात पालथी घातली, पाणी पाटलांच्या खुर्चीखालून वाहत गेलं. "मालक, आजपासून मी धुणार नाही. दवाखान्यात चला. नाही तर पाय जाईल, आणि पायावर भागलं नाही तर तुम्ही जाल." पाटलांचा मुलगा, धाकटे पाटील, पुढे आले आणि ह्यांच्या अगदी जवळ उभं राहून हळू आवाजात म्हणाले, "बापाला काही झालं तर तुमची वस्ती राहील का, बघा."

आम्ही घरी आलो. दुपारी वस्तीतल्या पंपाचा दांडा कुणी तरी काढून नेला. सगळ्या वस्तीला पाणी नाही. कुणी आम्हाला एका शब्दानं बोललं नाही, आणि त्याचंच मला रडू येत होतं. दुसऱ्या सकाळी गुरुजी आले, आमच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले. तिसऱ्या दिवशीही बसले, तोच पेपर घेऊन. मुलाला मी निरोप धाडला होता, सुट्टी असली तरी येऊ नकोस.

मग जीप आली. उतारावरून येताना तिचा आवाज ऐकला आणि मी पोळ्या लाटत होते ते लाटणं तसंच हातात घेऊन दारात आले. काय करणार होते त्या लाटण्यानं, देवाला ठाऊक. जीप आमच्याच दाराशी थांबली, माणसं उतरली. गुरुजी उठून उभे राहिले. मागच्या बाजूला गादीवर पाटील पडले होते, चेहरा राखेच्या रंगाचा. "पाद्रीसाब," ते म्हणाले, "तुम्ही संग असले तर येतो. जल्दी बसा." हे पायांत चपला सरकवून तसेच चढले.

जालन्याला पाटलांचा पाय गुडघ्याखाली कापला. माणूस वाचला. हे कित्येक आठवडे त्यांच्या खाटेजवळ जमिनीवर झोपले, लघवीचं भांडंसुद्धा दिलं. खरं सांगते, पाय कापला हे ऐकून मला हायसं वाटलं. सुटलो, असं वाटलं. ज्या माणसानं नाही म्हणून जीव वाचवला, त्याला पुन्हा परात घेऊन कोण बोलावील?

पाडव्याला गडी दारात उभा होता.

मुलगा त्या दिवशी घरी होता. मी नको नको म्हणत असताना तो बादली घेऊन निघाला, कारण ह्यांची कंबर धरली होती. आता तो बापाहून उंच झाला होता. अंगणात या वेळी दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. एकीवर पाटील, धोतराचा सोगा रिकाम्या जागी दुमडलेला. दुसरीवर धाकटे पाटील. सालगडी, हलगीवाला, सगळे आपापल्या जागी होते.

पाटील खुशीत होते. "पाद्रीसाब, तुमच्या धुण्यानं बरकत आली, न धुण्यानं जीव राह्यला. म्या सगळ्यांना सांगतो, ह्यांच्या हाताला गुण हाय. आता माझा एकच राह्यला, तो तुम्ही धुवा. ह्याचे दोन्ही हाईत, ते पोरगं धुवंल. पुढची सोय झाली."

लोक हसले, मोकळेपणानं, कुणाच्याच मनात काही वाकडं नव्हतं. ह्यांनी मुलाकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घातली. धाकट्या पाटलांनी पाय पुढे केले. सगळे बघत होते, वेळ चालला होता, आणि माझ्या मुलानं तांब्याला हात घातला. सभ्य घरातल्या मुलानं चारचौघांत वेळ मारून न्यावी तसा.

मी अंगण ओलांडून गेले आणि त्याच्या हातातून तांब्या काढून घेतला. "मालक," मी म्हटलं, "येशूनं एकमेकांचे धुवा म्हणून सांगितलं होतं. इतकी वर्षं आमचं करून झालं. आता माझ्या पोराचे कोण धुतं, तेवढं सांगा."

धाकटे पाटील उठू लागले तर पाटलांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. माझ्याकडे बघत अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही मास्तरीण हाईत. हे बोलणं घरी ठेवायला पाहिजे होतं." त्यांनी पाय मागे घेतला नव्हता. तो तसाच परातीच्या कडेला, हवेत होता.

आम्ही परात तिथंच टाकून आलो. त्या उन्हाळ्यात मी बदली मागून घेतली, ह्यांनीही चर्चच्या मंडळीला कळवलं, आणि ट्रकमध्ये संसार टाकून आम्ही जालन्याला आलो. ट्रकमध्ये हे मागं पडणाऱ्या गावाकडे बघत होते. मी मात्र मनातून गात होते.

जालन्यात दिवस चांगले गेले. मुलगा एका बियाण्यांच्या कंपनीत लागला. बूट घालून, डबा घेऊन सकाळी निघायचा, आणि त्याच्या बुटांचा आवाज जिन्यावरून उतरेपर्यंत मी ऐकत उभी राहायची. दोन पाडवे असे गेले. मग गुरुजी पेन्शनच्या कामासाठी जालन्याला आले आणि आमच्याकडे उतरले. जेवताना त्यांनी सांगितलं. पाडव्याचं पाय धुणं थांबलेलं नव्हतं. तुमच्यातलं कोणी तरी पाहिजे, म्हणून वस्तीतल्या त्या म्हातारबाबांना उभं केलं होतं. पहिल्या वर्षी ज्यांनी आपले पाय धोतराखाली ओढून घेतले होते, तेच. "त्यांचे गुडघे वाकत न्हाईत," गुरुजी म्हणाले. "दोघं जण धरून खाली बसवतात." ह्यांचा घास हातातच राहिला.

पुढच्या पाडव्याला हे अंधारातच उठून आवरून बसले होते. मंठ्याची पहिली गाडी. मी दारात आडवी उभी राहिले. "पुन्हा? इतकं सगळं होऊन पुन्हा?"

"मी सुरू केलं," हे म्हणाले. "त्यांच्या गळ्यात टाकून इथं बसू?"

यावर मला आजपर्यंत उत्तर सापडलेलं नाही, आणि म्हणूनच मला त्यांचा इतका राग येतो. ते दरवर्षी जाऊ लागले. पाटील गेले, धाकटे पाटील त्या खुर्चीवर बसले, दोन्ही पाय घेऊन. हे संध्याकाळी परतायचे, टॉवेल स्वतः धुवायचे, वाळत घालायचे आणि न जेवता पडायचे. येशू कुठं बसला असता, हे त्यांनी नंतर कधी विचारलं नाही. मी मुद्दाम विषय काढून बघितला एकदा, बसस्टँडवर. ते समोरच्या गाडीची पाटी वाचत राहिले.

एका थंडीत हे गेले. मी रडले आणि त्या रडण्यात, देव मला क्षमा करो, थोडी सुटकाही होती. आता संपलं. टॉवेल मी माझ्या उशाखाली ठेवला, कुणाच्या हाती लागू नये म्हणून.

त्यानंतरच्या पाडव्याला गल्लीत गुढ्या उभ्या राहायच्या होत्या, अजून उजाडत होतं. मुलगा आंघोळ करून कपडे घालून माझ्या खोलीच्या दारात आला. "आई, पप्पांचा तो टॉवेल कुठं आहे?"

"कशाला?"

"मंठ्याची पहिली गाडी सापडायला पाहिजे," तो म्हणाला. "म्हातारबाबा अजून आहेत. नव्वदीला आलेत."

आवाज अगदी बापाचा. लाचारी नव्हती त्यात, भीतीही नव्हती. त्या अंगणात मी त्याच्या हातातला तांब्या हिसकावून घेऊ शकले होते, कारण तो भिडेनं धरलेला होता. मी उठले नाही. उशीवर डोकं तसंच दाबून धरलं आणि सांगितलं की टॉवेल सापडत नाही.

"असू दे," तो म्हणाला. दोरीवरचा आपला टॉवेल त्यानं ओढला, घडी करून पिशवीत घातला. मी त्याच्या पायांकडे बघितलं. रोजचे बूट दारामागे तसेच होते. त्यानं चपला घातल्या होत्या, काढायला सोप्या.